गाडी स्वतःची, खेळ कुणाचा? एका चालक-मालकाच्या ट्रक संघाचा इतिहास

ऑक्टोबर २०१४. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सव्हिल येथे नॅस्कारच्या ट्रक मालिकेतील एक शर्यत झाली. जिंकलेल्या ट्रकवर ३४ हा क्रमांक रंगवलेला होता. एरवी तो चालक ५४ क्रमांकाचा ट्रक चालवत असे. त्या दिवसापुरता क्रमांक मुद्दाम बदलला होता. चालकाचे नाव डॅरेल ‘बबा’ वॉलेस, वय २१ वर्षे, कृष्णवर्णीय. ३४ हा क्रमांक वेंडेल स्कॉट यांचा. तेही कृष्णवर्णीय आणि त्यांचे डॅनव्हिल हे गाव तिथून सुमारे ५० किलोमीटरवर. आणि ट्रकचा मालक होता काइल बुश, गोरा, स्वतः नावाजलेला शर्यतपटू.

या एका प्रसंगात दोन चालक-मालक आहेत. स्कॉट स्वतःची गाडी स्वतः चालवत. बुशही स्वतःच्या संघाचा ट्रक चालवत असे. दोघांनाही ‘चालक-मालक’ म्हणतात. पण स्कॉट मालक झाले, कारण दुसरे कोणी त्यांना गाडी देत नव्हते. बुश मालक झाला, कारण त्याच्याकडे पैसा, नाव आणि मोटार कंपनीचे पाठबळ होते. शब्द एक, अर्थ दोन. हा फरक समजून घेतल्याशिवाय या संघाचा इतिहास म्हणजे नुसत्या विजयांची यादी ठरेल.

मित्रांनो, अमेरिकेतल्या मोटार शर्यतीशी आपला काय संबंध, असा प्रश्न कुणी विचारील. वस्तीत काम करताना प्रत्येक कार्यक्रमात एक उपदेश हमखास ऐकू येतो: ‘नोकरी मागू नका, मालक व्हा.’ हा उपदेश चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. मालक म्हणजे नेमके कशाचे मालक? वाहनाचे? धंद्याचे? की ज्या नियमांवर धंदा चालतो त्या नियमांचे? १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या लढ्याची कागदपत्रे मागवली होती. तिकडच्या अनुभवाकडे पाहण्याची ही सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे. म्हणून हा इतिहास.

प्रथम खेळ कोणता ते पाहू. स्टॉक कार म्हणजे दुकानात विक्रीला असते तशी साधी मोटार, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. अमेरिकेच्या दक्षिणेत चोरट्या दारूची वाहतूक करणारे तरुण साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिने सुधारत, पोलिसांना चुकवत आणि सुटीच्या दिवशी आपापसात शर्यती लावत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स यांनी १९४८ साली फ्लोरिडातील डेटोना बीच येथे नॅस्कार ही संस्था उभी केली. ही खेळाडूंची संघटना नव्हे. ती एका कुटुंबाच्या ताब्यातली खाजगी कंपनी आहे. नियम तीच करते, गुण तीच मोजते, शिक्षा तीच देते आणि अनेक मोठ्या धावपट्ट्याही आज तिच्याच आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण शेवटी आपल्याला इथेच परत यायचे आहे.

या नॅस्कारमध्ये वेंडेल स्कॉट आले. जन्म १९२१, डॅनव्हिल. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात मेकॅनिक म्हणून काम केले. त्या सैन्यातही गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. परत आल्यावर टॅक्सी चालवली, गॅरेज चालवले, चोरट्या दारूची वाहतूक केली आणि पकडलेही गेले. १९५२ साली डॅनव्हिलच्या शर्यतीच्या आयोजकांना गर्दी खेचण्यासाठी एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली, की दारू वाहणाऱ्यांत सर्वांत वेगवान कृष्णवर्णीय कोण? पोलिसांनी स्कॉट यांचे नाव सांगितले. म्हणजे या खेळात त्यांचा प्रवेश झाला तो खेळाडू म्हणून नव्हे, तमाशाची एक वस्तू म्हणून.

दारूच्या गाड्या पळवून पुढे शर्यतपटू झालेले गोरे चालकही होते. ज्युनियर जॉन्सन हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्यांना तुरुंगवासही झाला होता. पण त्यांच्या बाबतीत तीच गोष्ट दंतकथा झाली, धाडसाची खूण झाली. नॅस्कारच्या सन्मान दालनात २०१० साली जी पहिली पाच नावे गेली त्यांत जॉन्सन होते. स्कॉट यांचा समावेश २०१५ साली झाला. तोवर त्यांच्या निधनाला २४ वर्षे झाली होती.

स्कॉट १९६१ साली नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत उतरले. गाडी स्वतःची, इंजिन स्वतः बांधलेले, मदतीला मुले आणि मोजके मित्र. बड्या संघांकडे कारखान्यातून आलेली इंजिने आणि पगारी मेकॅनिक असत. स्कॉट दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या टायरांवर धावत. काही धावपट्ट्यांवर त्यांना प्रवेशच मिळत नसे. डार्लिंग्टनसारख्या नामांकित ठिकाणी वर्षानुवर्षे दार बंद होते. प्रेक्षकांच्या शिव्या होत्या, ट्रॅकवर मुद्दाम मारलेल्या धडका होत्या. आणि उलट धडक देण्याची सोय नव्हती, कारण गाडी मोडली तर ती दुरुस्त करण्याचा खर्च त्यांच्याच खिशातून जाणार होता. इथे मालकीचा पहिला धडा मिळतो. गरीब मालकाची मालकी त्याला मोकळीक देत नाही. ती त्यालाच जपून वागायला लावते.

१ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलच्या मातीच्या धावपट्टीवर २०० फेऱ्यांची शर्यत होती. नेड जॅरेट यांच्याकडून विकत घेतलेल्या जुन्या शेवरोलेमध्ये स्कॉट सर्वांच्या पुढे होते. तरीही विजयी म्हणून बक बेकर यांचे नाव जाहीर झाले. बेकर यांनी चषक घेतला, समारंभ झाला, प्रेक्षक घरी गेले. सुमारे दोन तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केले, की फेऱ्यांची मोजणी चुकली, विजेते स्कॉट आहेत. दुसऱ्या क्रमांकावरील गाडीपेक्षा ते दोन फेऱ्या पुढे होते! स्कॉट आणि त्यांच्या कुटुंबाचे म्हणणे असे, की विजेत्याला चषक देणाऱ्या गोऱ्या तरुणीने भर मैदानात कृष्णवर्णीय माणसाचे चुंबन घ्यावे हे आयोजकांना नको होते. बक्षिसाची रक्कम मिळाली. खरा चषक मिळाला नाही. पुढे हातात आली ती लाकडाची एक स्वस्त प्रतिकृती. नॅस्कारने त्यांच्या कुटुंबाला चषक सन्मानाने दिला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, डेटोना येथे. म्हणजे जवळजवळ ५८ वर्षांनी.

‘शर्यतीत रंग नसतो, हेल्मेट घातल्यावर सगळे सारखे, घड्याळ खोटे बोलत नाही,’ असे सांगणाऱ्यांनी जॅक्सनव्हिलचा हा प्रसंग वाचावा. घड्याळ खोटे बोलत नसेल, पण फेऱ्या मोजणारी माणसे होती, निकाल वाचणारी माणसे होती आणि चषक कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवणारीही माणसेच होती. गाडी स्कॉट यांच्या मालकीची होती. मोजणी नव्हती.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. १९६६ ते १९६९ ही सलग चार वर्षे गुणतक्त्यात पहिल्या दहांत राहिले. १९६६ साली तर सहावे आले. कारकिर्दीत ४९५ शर्यती, १४७ वेळा पहिल्या दहांत आणि विजय फक्त एक. इतके सातत्य दाखवणाऱ्या चालकाला कोणत्याही मोठ्या कंपनीचे कायमचे पाठबळ मिळाले नाही. १९७३ साली टॅलाडेगाच्या शर्यतीत अनेक गाड्यांची साखळी धडक झाली. त्यात त्यांची नव्याने उभी केलेली मर्क्युरी गाडी चक्काचूर झाली आणि ते स्वतः गंभीर जखमी झाले. कारकीर्द तिथेच जवळजवळ संपली. पगारी चालक जखमी झाला तर त्याचे अंग मोडते, संघ उरतो. चालक-मालक जखमी झाला तर अंग आणि संघ दोन्ही एकाच वेळी मोडतात.

आता ट्रक मालिकेकडे येऊ. इथला ट्रक म्हणजे आपल्याकडचा दहा चाकी मालट्रक नव्हे. मागे उघडा हौदा असलेले पिकअप वाहन अमेरिकेत ट्रक म्हणून ओळखले जाते. तिथे त्याचा खप प्रचंड, म्हणून कंपन्यांनाही त्याची जाहिरात हवी होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये फीनिक्स येथे या मालिकेची पहिली शर्यत झाली. वरून पिकअप दिसणारे, आतून शर्यतीसाठी बांधलेले हे वाहन. नॅस्कारच्या तीन राष्ट्रीय पायऱ्यांपैकी ही तिसरी. सर्वांत वर कप मालिका, तिच्याखाली दुसरी आणि मग ट्रक. खर्च वरच्या मालिकेपेक्षा बराच कमी, म्हणून इथे सुरुवातीपासून शर्यतपटूंनी स्वतःचे संघ काढले. थोरले डेल अर्नहार्ट, केन श्रेडर, जेफ बोडाइन हे सगळे कप मालिकेतले चालक इथे मालक म्हणून आले.

बॉबी हॅमिल्टन यांनी तर २००४ साली स्वतःच्याच संघाचा ट्रक चालवून अजिंक्यपद मिळवले. त्यांच्या संघाची दुसरी नोंद आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पात्र ठरलेले पहिले कृष्णवर्णीय चालक विली टी. रिब्ज २००१ साली याच संघाचा ट्रक चालवत होते. त्यांच्यानंतर बिल लेस्टर आले. संगणक क्षेत्रातली इंजिनिअरची नोकरी सोडून ते शर्यतीत उतरले होते. या दोघांच्या मागे डॉज कंपनीचे पाठबळ होते. मालक चालक असला तरी जागेचा खर्च उचलणारा दुसराच असतो, हे इथे प्रथम स्पष्ट दिसते.

केविन हार्विक आणि त्यांच्या पत्नी डेलाना यांचा संघ आला. रॉन हॉर्नाडे यांनी २००७ आणि २००९ साली त्यांच्या ट्रकमधून अजिंक्यपद जिंकले. तरीही २०११ च्या अखेरीस हार्विक यांनी ट्रकचा संघ बंद केला. ब्रॅड केसेलोव्स्की यांचे वडील बॉब हेही या मालिकेत जिंकलेले. मुलाने २००८ साली स्वतःचा संघ सुरू केला. रायन ब्लेनीसारखे पुढे कप अजिंक्यपद मिळवणारे चालक तिथे घडले. पण पदरचे पैसे घालावे लागतात, हे सांगत २०१७ नंतर तोही संघ बंद झाला. या सर्वांत सर्वाधिक यश मिळाले ते काइल बुशच्या संघाला.

काइल बुशचा जन्म १९८५ चा, लास व्हेगासचा. २००१ साली, वय अवघे १६ असताना, तो दुसऱ्याच्या संघातून ट्रक मालिकेत उतरला. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील एका शर्यतीचा प्रायोजक सिगारेट कंपनी होती आणि अल्पवयीन स्पर्धक चालणार नव्हता, म्हणून त्याला शर्यतीआधी बाहेर काढले गेले. त्यानंतर नॅस्कारने किमान वय १८ केले. कंपनी, जाहिरात आणि नियम हे तिघे मिळून चालकाला कसे बाहेर बसवू शकतात, याचा अनुभव या गोऱ्या मुलालाही आला होता. फरक एवढाच, की त्याला दोन वर्षे थांबायचे होते. स्कॉट यांना कितीही वर्षे थांबून रंग बदलता येणार नव्हता.

२०१० च्या हंगामापासून उत्तर कॅरोलिनातील मूर्सव्हिल येथून ‘काइल बुश मोटरस्पोर्ट्स’ हा संघ धावू लागला. तेव्हा बुश कप मालिकेत जो गिब्ज यांच्या संघाचा पगारी चालक होता. तो संघ टोयोटाचा, म्हणून बुशचे ट्रकही टोयोटाचे. पहिल्याच वर्षी त्याने ट्रकच्या आठ शर्यती जिंकल्या. ऑगस्ट २०१० मध्ये ब्रिस्टल येथे एकाच आठवड्यात त्याने तिन्ही राष्ट्रीय मालिकांच्या शर्यती जिंकल्या. असे आधी कुणी केले नव्हते. त्यांतली ट्रकची शर्यत त्याने स्वतःच्या ट्रकमधून जिंकली.

त्याच वर्षी या संघाने मालकांचे अजिंक्यपद मिळवले. हे काय प्रकरण आहे ते समजून घेतले पाहिजे. नॅस्कारमध्ये गुणांचे दोन हिशेब असतात. एक चालकाचा आणि दुसरा मालकाचा. चालकाचे गुण माणसाला मिळतात, मालकाचे गुण वाहनाच्या क्रमांकाला मिळतात. एकाच क्रमांकाचा ट्रक हंगामात चार जणांनी चालवला, तर चौघांचे गुण चार ठिकाणी विभागले जातात, पण मालकाच्या खात्यात ते सगळे एकत्र जमा होतात. श्रम करणारा बदलत राहतो, जमा होणारे मात्र एकाच ठिकाणी जमा होते. समाजशास्त्राच्या पुस्तकात जे प्रकरणभर समजावून सांगावे लागते ते इथे एका गुणतक्त्यात दिसते. २०१०, २०१३ ते २०१७ आणि २०१९ अशी सात मालक अजिंक्यपदे या संघाने मिळवली. चालकांची अजिंक्यपदे दोन: २०१५ साली एरिक जोन्स आणि २०१७ साली ख्रिस्तोफर बेल.

मालकी माणसाला बेफिकीर कशी करते याचेही उदाहरण या इतिहासात आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये टेक्सासच्या शर्यतीत बुश आणि हॉर्नाडे यांचे ट्रक एकमेकांना घासले. पिवळा बावटा लागला, सर्वांचा वेग कमी झाला, आणि त्या अवस्थेत बुशने हॉर्नाडे यांचा ट्रक मागून ढकलत थेट भिंतीवर नेऊन आदळला. हॉर्नाडे अजिंक्यपदाच्या झुंजीत होते. ती झुंज तिथेच संपली. दोन्ही ट्रक चालक-मालकांचे होते, एक बुशचा, दुसरा हार्विक यांचा. नॅस्कारने बुशला त्या आठवड्याच्या उरलेल्या शर्यतींतून बाहेर काढले आणि ५०,००० डॉलर दंड केला. कप गाडीवरील चॉकलेट कंपनीने हंगामातल्या शेवटच्या दोन शर्यतींसाठी आपले नाव काढून घेतले. स्कॉट यांच्याशी तुलना करा. ते मार खाऊनही उलट धडक देत नव्हते, कारण त्यांची मालकी एका गाडीपुरती होती. बुश मात्र आपला ट्रक शस्त्र म्हणून वापरू शकला आणि पुढच्या हंगामात पुन्हा तसाच उभा राहिला.

पण एकच बाजू मांडणे न्यायाचे होणार नाही. या संघाने तरुणांना जागा दिल्या हेही खरे. ज्याला १६ व्या वर्षी बाहेर काढले होते त्याच बुशने १७ वर्षांच्या एरिक जोन्सला ट्रक दिला, आणि जोन्सने नोव्हेंबर २०१३ मध्ये फीनिक्सला विजय मिळवला. विल्यम बायरनने २०१६ च्या एकाच हंगामात सात शर्यती जिंकल्या. आणि २०१३ साली या संघात बबा वॉलेस आला. अलाबामात जन्मलेला, उत्तर कॅरोलिनात वाढलेला. नॅस्कारने २००४ साली सुरू केलेल्या विविधता उपक्रमातून आणि गिब्ज-टोयोटा यांच्या तयारीतून तो पुढे आला होता. २६ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याने मार्टिन्सव्हिल जिंकले. जॅक्सनव्हिलनंतर जवळजवळ ५० वर्षांनी नॅस्कारच्या राष्ट्रीय मालिकेत कृष्णवर्णीय चालक जिंकला. पुढच्या वर्षी त्याने चार शर्यती जिंकल्या. त्यांतलीच एक म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ३४ क्रमांकाची.

या ५० वर्षांत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत वेगाने गाडी चालवणारा कुणी जन्मलाच नव्हता काय? अर्थातच होते. जागा नव्हती. आणि जागा मिळाली तेव्हा ती उपक्रम राबवल्यामुळे मिळाली, आपोआप नव्हे. ‘गुणवत्ता असेल तर संधी चालून येते’ असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. गुणवत्ता दिसण्यासाठी आधी हातात स्टीअरिंग यावे लागते.

मात्र मिळालेली जागा टिकते काय? वॉलेस पुढे दुसऱ्या मालिकेत दुसऱ्या संघाकडे गेला. २०१७ साली गुणतक्त्यात वरच्या क्रमांकांत असताना, हंगामाच्या मध्यावर, प्रायोजक नाही म्हणून त्याची गाडी बंद करण्यात आली. त्याने वेग गमावला नव्हता. त्याच्या गाडीवर नाव लावायला कंपनी नव्हती. प्रतिनिधित्व आणि सत्ता यांत जे अंतर आहे ते इथे उघडे पडते. प्रतिनिधीला दिलेली खुर्ची देणाऱ्याला परत घेता येते.

आणि हा नियम खुद्द बुशलाही चुकला नाही, हा या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग आहे. नॅस्कारने अनुभवी कप चालकांच्या ट्रक शर्यतींवर मर्यादा आणली. वर्षाला पाचच. म्हणजे संघाचा सर्वांत यशस्वी चालक असलेला मालक बहुतेक हंगाम बाहेर बसला. तरुण चालकांच्या ट्रकचा खर्च प्रायोजकांनी, मोटार कंपनीने किंवा चालकाच्या घरच्यांनी आणलेल्या पैशांतून भागवायचा. या मालिकेत बक्षिसाच्या रकमेवर संघ चालत नाही.

२०२२ च्या अखेरीस बुश आणि गिब्ज यांचा संघ वेगळे झाले. कारण पुन्हा प्रायोजकाचेच. अनेक वर्षांच्या चॉकलेट कंपनीने निरोप घेतला होता. बुश रिचर्ड चिल्ड्रेस यांच्या शेवरोले संघात गेला. दोनदा कप अजिंक्यपद मिळवलेल्या चालकाने कप मालिकेत नोकरी बदलली, आणि त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या मालकीच्या ट्रक संघालाही टोयोटा सोडावी लागली! १३ वर्षांचे तांत्रिक पाठबळ गेले, टोयोटाने तयार केलेले तरुण चालक गेले. टोयोटाने आपले ट्रक दुसऱ्या संघाकडे वळवले. २०२३ साली बुशचा संघ शेवरोले घेऊन धावला. जुलैमध्ये पोकोनो येथे खुद्द बुशने जिंकून संघाचा १०० वा विजय नोंदवला. सप्टेंबरमध्ये संघ, कारखाना आणि सांगाडे बनवणारा उद्योग असे सगळे स्पायर मोटरस्पोर्ट्सला विकल्याचे जाहीर झाले. शंभरावा विजय आणि विक्री यांत दोन-सव्वादोन महिन्यांचे अंतर!

आता हिशेब मांडू. या खेळात मालकीचे चार मजले आहेत. तळाला वाहन. त्याच्या वर इंजिन, सुटे भाग आणि मोटार कंपनीचे तांत्रिक पाठबळ. तिसऱ्या मजल्यावर प्रायोजकाचा पैसा. सर्वांत वर नियम, मोजणी आणि धावपट्टी. स्कॉट यांच्याकडे फक्त तळमजला होता, म्हणून त्यांचा विजयसुद्धा वरच्या मजल्यावर दोन तास अडकून पडला आणि चषक जवळजवळ ५८ वर्षे. बुशकडे तळमजला होता आणि दुसऱ्याचा काही भाग होता. उरलेला भाग टोयोटाने काढून घेताच इमारत वर्षभरात विकावी लागली. बुश सुखाने बाहेर पडला, कारण तो श्रीमंत होता आणि कप मालिकेत त्याची नोकरी कायम होती. स्कॉट यांच्यामागे असे काही नव्हते. दोघांतला हा फरक कौशल्याचा नव्हे, पडल्यावर खाली काय आहे याचा आहे.

वरच्या मजल्यावर प्रश्न विचारायला कोण गेले तेही पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन आणि कप मालिकेत अजून गाडी चालवणारे डेनी हॅमलिन यांनी संघ काढला आणि चालक म्हणून वॉलेसला घेतले. त्याआधी जूनमध्ये वॉलेसने गुलामगिरीच्या समर्थकांचा कॉन्फेडरेट झेंडा शर्यतीतून हटवण्याची उघड मागणी केली होती आणि नॅस्कारला त्यावर बंदी घालावी लागली होती. कप मालिकेत पूर्णवेळ धावणाऱ्या संघाचा बहुमताचा मालक कृष्णवर्णीय असण्याची वेंडेल स्कॉट यांच्यानंतरची ही पहिली वेळ. ऑक्टोबर २०२१ मध्ये टॅलाडेगाला, जिथे स्कॉट यांची कारकीर्द मोडली होती तिथेच, वॉलेसने कप शर्यत जिंकली. याच संघाने दुसऱ्या एका संघासोबत ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅस्कारविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. वाद होता तो प्रत्येक शर्यतीत जागेची आणि उत्पन्नात वाट्याची हमी देणाऱ्या सनदेचा. डिसेंबर २०२५ मध्ये सुनावणी चालू असताना तडजोड झाली आणि संघांना कायमस्वरूपी सनद मान्य झाली. स्कॉट यांच्यानंतर त्या मजल्यावर पोहोचलेला माणूस जगातल्या सर्वांत श्रीमंत खेळाडूंपैकी एक असावा लागला. हा जॉर्डनचा दोष नाही. दार किती उंचावर बसवले आहे, याचे ते माप आहे.

आणि एक शेवटची नोंद. मार्च २०२४ मध्ये लास व्हेगासची ट्रक शर्यत राजा कॅरुथ या तरुणाने जिंकली. स्कॉट आणि वॉलेस यांच्यानंतर नॅस्कारच्या राष्ट्रीय मालिकेत जिंकणारा हा तिसरा कृष्णवर्णीय चालक. त्याच्या घरी शर्यतीच्या गाड्या नव्हत्या. संगणकावरील आभासी शर्यतींतून तो शिकला. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात शिकत असतानाच तो ही मालिका चालवत होता. आणि त्याचा ट्रक कुणाचा होता? स्पायर मोटरस्पोर्ट्सचा. म्हणजे बुशने जो संघ विकला त्याच्याच वारसदारांचा. मालक बदलला, कंपनी बदलली, पण प्रयत्नपूर्वक उघडलेले दार या वेळी तरी बंद झाले नाही.

म्हणून ‘मालक व्हा’ हा उपदेश करणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. मालक जरूर व्हावे. वेंडेल स्कॉट स्वतःच्या गाडीचे मालक नसते तर १९६३ चा विजय झालाच नसता. पण वाहनाच्या मालकीला व्यवस्थेची मालकी समजू नये. कर्ज कोण देतो, काम कोण देतो, नियम कोण करतो आणि मोजणी कोण करतो, हे चार प्रश्न प्रत्येक नव्या मालकाने पहिल्या दिवसापासून विचारले पाहिजेत, आणि एकट्याने नव्हे, संघटित होऊन विचारले पाहिजेत. एकट्याने विचारणाऱ्या स्कॉट यांना लाकडाचा चषक मिळाला होता.